फुली

मेच्या नवव्या दिवशी, कोरचीपलीकडच्या फडावर,
रैनाबाई कोरेटींच्या हातात मी फोन दिला
आणि आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे गप्प बसलो.
वापरणाऱ्याला सुचवायचं नसतं, नुसतं बघायचं असतं.

ऊन असं, की पडद्यात त्यांना
स्वतःचं कपाळच दिसत होतं.
फिकट राखाडी अक्षरं,
ज्यांच्या छटेवरून पुण्यात आम्ही दोन दुपारी भांडलो,
इथे नव्हतीच.
त्यांनी पदराचा आडोसा केला,
चुलीत फुंकर घालावी तसं आत डोकं घातलं.

फोनने पासवर्ड मागितला.
त्या हसल्या. शेजारी तेंदूच्या पुडक्यांच्या रांगा,
एकेक सत्तर पानांचं, सालीच्या दोरीनं बांधलेलं.
"यातलं माहं कोनतं, सांगा."
मला सगळी सारखीच.
"गाठ पाहा. डावीकडं फिरते. माह्या मायची बी डावीकडंच होती."

मग त्यांनी आकडा घातला, हळूच,
पापड निसटू नये तसा एकेक अंक दाबत: दोनशे तेरा.
खाली दोन खुणा.
एक हिरवी, बरोबरची. एक लाल फुली.
क्षणभरही न थांबता त्यांनी फुली दाबली
आणि सकाळी चारपासूनचं जंगल
पडद्यावरून पुसलं गेलं.
"झालं जी," म्हणाल्या. फोन परत दिला.
चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान.

मी वहीत लिहिलं: वापरकर्त्याची चूक.

फागूलाल मुन्शींनी वही उलटी वाचली असावी.
काही बोलले नाहीत.
खिशातून तिचं कार्ड काढलं, चार घड्यांचं,
निळ्या शाईच्या फुल्यांनी गच्च भरलेलं.
"फुली म्हंजे घेतलं. फुली म्हंजे पैसे भेटते."
आणि ही बरोबरची खूण?
"ते मास्तर मारते. पोरांच्या वहीत."

मी ती ओळ खोडली. फुली मारून.
मग पेन तसंच धरून बसलो:
आता ती रद्द झाली, की मंजूर?

टेकडीवरच्या खडकावर रेंज येते.
तिथून फोन केला.
"अरे, जगभर फुली म्हणजे बंद," मृण्मयी म्हणाली.
जगभर या शब्दात किती फड बसतात
हे विचारायच्या आत आवाज तुटला.
खडक अजून तापलेलाच होता.

संध्याकाळी नुसता पाहत राहिलो.
मुन्शी काठी टेकवत रांगेतून चालतात,
मोजून झालं की आकडा मोठ्यानं ओरडतात
आणि सगळा फड तो ऐकतो.
"फागू, दोन सोडले तू!" मागून एक म्हातारी.
ते मागे फिरतात, पुन्हा मोजतात,
ना तिला ओशाळं, ना त्यांना.
आमच्याकडेही चूक दुरुस्त करता येते.
तीन पडदे आत, एका वाकड्या बाणात.
तो कुणाला सापडल्याचं
आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

पुढचा आठवडा कागदावरच गेला.
कार्डांच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकोन काढायचे,
त्यांच्यासमोर ठेवायचे, गप्प बसायचे,
फाडायचे.
पासवर्ड गेला. राखाडी गेला.
फुली निळी झाली, तळहाताएवढी.
आणि मुन्शींचा आवाज भरून घेतला,
शून्यापासून शेकड्यापर्यंत,
मध्येच एक कोंबडा आरवला, तो तसाच राहिला.

फड उठायच्या आदल्या दिवशी
रैनाबाईंनी निळी फुली दाबली.
फोन ओरडला: "कोरेटी, एक शेकडा, एक्केचाळीस!"
चार बाया वळून पाहू लागल्या.
"हो जी," रैनाबाई फोनला म्हणाल्या,
"पन दोन फाटके हायेत त्यात,"
आणि थांबल्या,
तो काय म्हणतो ते ऐकायला.